इंजिन ऑइल बदलण्याची वेळ कशी ओळखावी

मोटारगाडीच्या बहुतेक भागांची झीज चालकाला जाणवते. ब्रेकचे पॅड संपत आले की घासल्याचा आवाज येतो, टायर झिजले की त्यांवरची नक्षी उथळ होते, बॅटरी अशक्त झाली की स्टार्टर रेंगाळतो. इंजिन ऑइलच्या बाबतीत असे घडत नाही. ते हजारो किलोमीटर हळूहळू आपले गुण गमावत जाते आणि त्या सर्व काळात गाडी पूर्वीसारखीच धावत राहते. आवाज, धूर किंवा कमी झालेली ओढ यांतून काहीतरी बिघडल्याचे जाणवू लागते, तोवर बेअरिंग (फिरत्या दांड्यांना आधार देणारे भाग) आणि कॅमशाफ्ट (व्हाल्व्ह म्हणजे झडपा उघडणारा दांडा) यांची झीज बहुधा सुरू झालेली असते आणि झिजलेला धातू नवे ऑइल घातल्याने भरून येत नाही. त्यामुळे ऑइल बदलण्याची वेळ किलोमीटर, कालावधी आणि गाडीच्या वापराची पद्धत या तीन गोष्टींवरून आधीच ठरवावी लागते. डोळ्यांना दिसणाऱ्या आणि नाकाला जाणवणाऱ्या खुणाही उपयोगी आहेत, परंतु त्यांचे स्थान या हिशेबानंतरचे आहे.

हा हिशेब समजण्यासाठी ऑइल इंजिनात काय करते हे आधी पाहिले पाहिजे. इंजिन चालू असताना क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या हालचालीने फिरणारा मुख्य दांडा, आपल्या बेअरिंगला प्रत्यक्ष टेकत नाही. दोहोंमध्ये ऑइलचा काही मायक्रॉन जाडीचा, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतका, थर असतो आणि शाफ्ट त्या थरावर फिरतो. याखेरीज ऑइल पिस्टनची उष्णता वाहून नेते, पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांमधली फट बंद ठेवण्यास मदत करते, ज्वलनातून तयार होणारी काजळी आणि आम्ले स्वतःत सामावून घेते आणि धातूला गंज चढू देत नाही. अनेक आधुनिक इंजिनांत व्हाल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारी यंत्रणाही ऑइलच्याच दाबावर चालते. ही सर्व कामे नुसत्या तेलाने होत नाहीत. डब्यातल्या द्रवाचा मोठा भाग मूळ तेलाचा असला, तरी त्यात अनेक रसायने मिसळलेली असतात. काही मळ धुऊन काढतात, काही काजळीचे कण एकमेकांना चिकटू देत नाहीत, काही आम्लांना निष्प्रभ करतात, तर जस्त आणि फॉस्फरस असलेली संयुगे जास्त दाबाच्या ठिकाणी धातूवर संरक्षक थर तयार करतात. काम करता करता ही रसायने खर्च होत जातात. डिपस्टिकवर, म्हणजे ऑइलची पातळी मोजण्याच्या पट्टीवर, पातळी पूर्ण दिसत असतानाही ऑइल बदलावे लागते, त्याचे मुख्य कारण हे आहे.

ऑइलचे आयुष्य कमी करणाऱ्या गोष्टींत उष्णतेचा क्रम पहिला लागतो. तापमान 10 अंश सेल्सिअसने वाढले की ऑक्सिडेशनचा, म्हणजे ऑइलचा ऑक्सिजनशी संयोग होण्याचा, वेग साधारण दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम आहे. त्यानुसार 130 अंशांवर राबणारे ऑइल 100 अंशांवर राबणाऱ्या ऑइलपेक्षा सुमारे आठपट वेगाने जुने होईल. ऑक्सिडेशन वाढले की ऑइल दाट होते आणि त्यातून चिकट गाळ बनू लागतो. हा गाळ ऑइल पंपाच्या जाळीत किंवा बारीक वाहिन्यांत अडकला, तर सर्वांत लांबच्या भागांना ऑइल पोहोचेनासे होते. टर्बो (सिलिंडरमध्ये जादा हवा दाबून भरणारे यंत्र) असलेल्या इंजिनांत हा धोका अधिक असतो, कारण टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेऊ शकतो आणि त्याचे एक टोक जळालेल्या वायूंच्या तापमानात असते. तिथले ऑइल प्रमाणाबाहेर तापले की त्याचा कोळसा होतो. उष्णतेच्या उलट टोकाला थंड इंजिनाचे त्रास आहेत. इंजिन थंड असताना त्याला जास्त इंधन पुरवले जाते. त्यातले काही न जळता सिलिंडरच्या भिंतींवरून ओघळून खालच्या ऑइलमध्ये मिसळते आणि ते पातळ करते. शिवाय एक लिटर पेट्रोल जळाले की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होते. त्यातले बहुतेक सायलेन्सरमधून बाहेर पडते, परंतु थोडी वाफ रिंगांच्या बाजूने निसटून खाली जाते आणि थंड धातूवर तिचे पाणी होते. हे पाणी आणि ज्वलनातले वायू मिळून आम्ले तयार होतात.

आता प्रत्यक्ष ओळखण्याकडे वळू. बहुतेक गोंधळ तीन वेगळे प्रश्न एकच मानल्यामुळे होतो: इंजिनात ऑइल पुरेसे आहे का, ते दाबाने सगळीकडे पोहोचत आहे का, आणि ते अजून काम करण्याच्या स्थितीत आहे का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर डिपस्टिक देते, दुसऱ्याचे डॅशबोर्डवरचा लाल दिवा देतो, आणि तिसऱ्याचे पूर्ण उत्तर या दोघांपैकी कोणीच देत नाही.

लाल दिव्याबद्दलचा गैरसमज सर्वांत महाग पडणारा आहे, म्हणून त्याविषयी स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. ऑइलच्या झारीचे चित्र असलेला लाल दिवा ऑइल बदलण्याची आठवण करून देण्यासाठी नसतो. ऑइलचा दाब धोक्याच्या पातळीखाली गेला आहे आणि बेअरिंगांना ऑइल मिळत नाही, असा त्याचा अर्थ होतो. चावी फिरवल्यावर तो क्षणभर लागून इंजिन सुरू होताच विझणे हे योग्य आहे. तो चालत्या गाडीत लागला, तर सुरक्षित जागी गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद केले पाहिजे. अशा स्थितीत गॅरेजपर्यंत हळूहळू गाडी नेण्याचा विचार करू नये, कारण दाबाविना चालवलेली काही मिनिटेही पूर्ण इंजिन निकामी करण्यास पुरेशी ठरू शकतात. ऑइल बदलण्याची आठवण करून देणारी खूण वेगळी असते: ती बहुधा पान्याचे चित्र, 'सर्व्हिस' हा शब्द किंवा ऑइलचे उरलेले आयुष्य टक्क्यांत दाखवणारा आकडा अशा स्वरूपाची असते आणि तिच्यासाठी काही दिवसांची सवड असते. काही गाड्यांत पिवळा दिवाही असतो. तो सहसा पातळी कमी झाल्याचे सांगतो.

डिपस्टिक तपासण्यासाठी गाडी सपाट जागेवर उभी असावी आणि इंजिन बंद करून पाच ते दहा मिनिटे गेलेली असावीत, म्हणजे वरच्या भागात गेलेले ऑइल खाली उतरते. काही इंजिनांसाठी पद्धत वेगळी असते, म्हणून गाडीसोबत मिळालेली पुस्तिका एकदा पाहावी. डिपस्टिक बाहेर काढून स्वच्छ फडक्याने पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालून काढावी आणि ऑइलची रेषा किमान व कमाल या दोन खुणांच्या मध्ये आहे का ते पाहावे. अनेक मोटारींत या दोन खुणांमधले अंतर सुमारे एक लिटर ऑइलचे असते. पातळी कमाल खुणेच्या वर असणेही चांगले नाही, कारण फिरणारा क्रँकशाफ्ट ऑइलला घुसळतो, त्यात हवा मिसळून फेस होतो आणि फेसाळ ऑइल दाब धरत नाही. महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी ही तपासणी करावी. ऑइल थोडेफार जळणे हे अनेक चांगल्या इंजिनांतही घडते. दोन ऑइल बदलांमधले अंतर आता बरेच वाढलेले असल्याने, मधल्या काळात पातळी तपासलीच नाही, तर ऑइल जुने होण्याआधीच कमी पडण्याची शक्यता असते. नव्या काही गाड्यांत डिपस्टिक नसतेच आणि पातळी पडद्यावर पाहावी लागते. तिथेही तीच शिस्त पाळावी.

ऑइलच्या रंगावर मात्र अनेक जण गरजेपेक्षा जास्त विश्वास ठेवतात. नवे ऑइल मधासारखे सोनेरी असते आणि काही हजार किलोमीटरनंतर ते गडद तपकिरी किंवा काळे होते, एवढे खरे आहे. परंतु काळे होणे म्हणजे ऑइलमधली रसायने काजळी आणि मळ धरून ठेवण्याचे आपले काम करीत आहेत, असाही अर्थ होतो. डिझेल इंजिनात नवे ऑइल घातल्यावर ते अगदी थोड्या अंतरात काळे पडते आणि तरी पुढे हजारो किलोमीटर उत्तम चालते. याउलट सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत काजळी जवळजवळ तयारच होत नाही, त्यामुळे तिचे ऑइल बराच काळ स्वच्छ दिसते. प्रत्यक्षात उष्णतेमुळे ते आतून ऑक्सिडाइझ होत असते आणि त्याचा स्वच्छ रंग पाहून मुदत लांबवणारा चालक फसतो. रंगापेक्षा स्पर्श थोडी अधिक माहिती देतो. कोमट ऑइलचा थेंब दोन बोटांत चोळल्यावर खरखर जाणवली, तर त्यात कण आहेत. वास घेऊन पाहणेही उपयोगी आहे: पेट्रोल किंवा डिझेलचा स्पष्ट वास येत असेल, तर इंधन मिसळून ऑइल पातळ झालेले आहे.

काही खुणा दिसल्या, तर किलोमीटरचा हिशेब बाजूला ठेवावा लागतो. डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ, फिकट तपकिरी दिसत असेल आणि कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, पातळीही कमी होत असेल, तर कूलंट ऑइलमध्ये मिसळत आहे. हेड गॅसकेट (सिलिंडरच्या वरच्या सांध्यातले सील) किंवा ऑइल कूलर यांतला दोष त्यामागे असू शकतो. इथे केवळ ऑइल बदलून भागत नाही, दोष आधी दुरुस्त करावा लागतो. मात्र ऑइल भरण्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला थोडासा पांढुरका थर दिसला आणि डिपस्टिक स्वच्छ असली, तर ते थंड हवेतल्या छोट्या फेऱ्यांमुळे साचलेले पाणी असण्याची शक्यता अधिक असते. डिपस्टिकवरची पातळी आपोआप वाढत असेल, तर ती गोष्ट कधीही आनंदाची नसते. काजळीचा फिल्टर असलेल्या अनेक डिझेल गाड्यांत तो फिल्टर जाळून साफ करण्यासाठी सिलिंडरमध्ये जादा डिझेल सोडले जाते. गाडी सतत थोडे थोडे अंतर चालली आणि ही सफाई पुन्हा पुन्हा अर्धवट राहिली, की ते डिझेल ऑइलमध्ये उतरते. अशा वेळी पातळी कमाल खुणेच्या वर गेली, तर ऑइल तातडीने बदलावे, मग मागचा बदल नुकताच का झालेला असेना. काढलेल्या ऑइलमध्ये धातूची चमक दिसली, तर इंजिन तपासून घेतल्याशिवाय गाडी वापरू नये.

आता मुख्य हिशेब. दर 5,000 किलोमीटरला ऑइल बदलावे, हा जुना नियम खनिज ऑइल आणि कार्बोरेटर यांच्या काळातला आहे. त्या काळी तो योग्यच होता. आज अनेक उत्पादक सिंथेटिक ऑइलसह 10,000 ते 15,000 किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते, असे सांगतात. काही गाड्यांत विशिष्ट प्रतीचे ऑइल वापरल्यास 30,000 किलोमीटर किंवा दोन वर्षांपर्यंतची मुदतही दिलेली आढळते. आपल्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत असतो आणि तो शेजाऱ्याच्या, मेकॅनिकच्या किंवा डब्यावरच्या जाहिरातीच्या आकड्यापेक्षा अधिक विश्वासार्ह असतो, कारण तो त्या इंजिनाच्या चाचण्यांवर आधारलेला असतो. 'जे आधी होईल ते' हे शब्द गंभीरपणे घ्यावेत. वर्षभरात फक्त 3,000 किलोमीटर चाललेल्या गाडीचेही ऑइल वर्षाने बदलावे लागते, कारण तिच्या ऑइलमध्ये साचलेला ओलावा आणि आम्ले गाडी उभी असतानाही आपले काम करीत असतात.

याच पुस्तिकेत आणखी एक वेळापत्रक असते, जे फार थोडे लोक वाचतात. त्याला बहुधा कठीण परिस्थितीतील वापर असे नाव दिलेले असते आणि त्यात मुदत बरीच कमी, अनेकदा जवळजवळ अर्ध्यावर आणलेली असते. कठीण परिस्थिती म्हटल्यावर वाळवंट किंवा डोंगर डोळ्यांसमोर येतात, पण त्या यादीत धुळीचे रस्ते, जड सामान आणि ट्रेलर ओढणे यांच्या बरोबरीने तासन्‌तास वाहतुकीत अडकणे, इंजिन चालू ठेवून उभे राहणे आणि सतत छोट्या फेऱ्या मारणे हेही असते. म्हणजे शहरात रोज वापरली जाणारी सर्वसाधारण गाडी पुष्कळदा याच वर्गात मोडते. माझ्या मते ऑइलबाबतची सर्वांत मोठी चूक इथे होते: चालक स्वतःचा वापर सौम्य समजतो आणि लांब मुदत धरून चालतो.

किलोमीटरचा आकडा इथे का फसवतो, ते साध्या गणितावरून कळते. ताशी 80 किलोमीटरच्या सरासरीने 10,000 किलोमीटर कापायला इंजिन 125 तास चालते. ताशी 20 किलोमीटरच्या सरासरीने तेच अंतर कापायला ते 500 तास चालते. ओडोमीटर दोन्ही गाड्यांना सारखेच गुण देतो, पण दुसऱ्या गाडीचे ऑइल चौपट वेळ राबलेले असते. सिग्नलवर उभ्या असलेल्या गाडीचा ओडोमीटर तर हलतही नाही. छोट्या फेऱ्यांचा त्रास याहून निराळा आहे. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा कूलंटचे तापमान दाखवतो. ऑइल त्यानंतर बऱ्याच वेळाने पूर्ण तापते. पाच-सहा किलोमीटरच्या फेरीत काटा मध्यावर येऊन गाडी बंदही होते, पण ऑइल पाणी आणि इंधन उडवून टाकण्याइतके तापलेलेच नसते. पुढच्या फेरीत त्यात आणखी पाणी आणि आणखी इंधन येते. ही गाडी आठवड्यातून एकदा तरी अर्धा-पाऊण तास सलग, मोकळ्या रस्त्यावर चालवली, तर बरीचशी आर्द्रता निघून जाते. मात्र त्यामुळे खर्च झालेली रसायने परत येत नाहीत, म्हणून मुदत कमीच धरावी. महामार्गावर स्थिर वेगाने धावणारी गाडी किलोमीटर जास्त दाखवते, पण तिचे ऑइल तुलनेने सुखात असते.

हायब्रिड गाड्यांबाबत एक खुलासा आवश्यक आहे. त्यांचे इंजिन प्रवासात वारंवार बंद होते, त्यामुळे ओडोमीटरवरचे सगळे किलोमीटर ऑइलच्या खाती पडत नाहीत. पण त्याच कारणाने इंजिन पुरेसे तापत नाही. या दोन गोष्टी एकमेकींना फेडतात असे समजू नये आणि वर्षाची मर्यादा पाळावी. पूर्णपणे विजेवर चालणाऱ्या गाडीत इंजिनच नसल्याने इंजिन ऑइलचा प्रश्न येत नाही.

हा सगळा हिशेब गाडीने स्वतः करावा, या विचारातून ऑइलचे आयुष्य सांगणारी प्रणाली तयार झाली. जनरल मोटर्सने ती 1980च्या दशकाच्या उत्तरार्धात आपल्या गाड्यांत आणली. अशा बहुतेक प्रणाली ऑइलकडे प्रत्यक्ष पाहत नाहीत. इंजिनाचे फेरे, ऑइलचे तापमान, थंड इंजिन सुरू होण्याची संख्या अशा नोंदींवरून त्या अंदाज बांधतात. हा अंदाज सहसा चांगला असतो आणि ठरावीक किलोमीटरच्या नियमापेक्षा चालकाच्या खऱ्या वापराला जवळचा असतो. परंतु इंजिनात चुकीच्या प्रतीचे ऑइल घातले आहे, फिल्टर बदललाच नाही किंवा कूलंट मिसळत आहे, हे अशा प्रणालीला कळत नाही. काही गाड्यांतली 'सर्व्हिस'ची सूचना तर याहूनही साधी असते आणि केवळ किलोमीटर व दिवस मोजते. आपल्या गाडीत यांपैकी कोणती सोय आहे हे पुस्तिकेतून समजून घ्यावे. आकडा 15 टक्क्यांच्या खाली आला की ऑइल बदलण्याची वेळ ठरवून टाकावी, शून्याची वाट पाहू नये.

ऑइलची प्रत हा मुदतीचाच भाग आहे. डब्यावरचा 5डब्ल्यू-30 यासारखा आकडा फक्त दाटपणा सांगतो: पहिला भाग थंडीतला, दुसरा इंजिन तापल्यानंतरचा. एकाच दाटपणाची दोन ऑइल गुणवत्तेने फार वेगळी असू शकतात, म्हणून उत्पादकाने सांगितलेली प्रमाणित श्रेणीही जुळली पाहिजे. लांब मुदत त्या श्रेणीच्या ऑइलसाठीच असते. खनिज ऑइल घालून सिंथेटिकची मुदत धरणे हा इंजिनाशी केलेला अन्याय आहे. ऑइलसोबत फिल्टरही बदलावा. तुंबलेल्या फिल्टरमध्ये ऑइलला बगल देणारा व्हाल्व्ह उघडतो, म्हणजे इंजिनाला ऑइल मिळत राहते, पण ते गाळलेले नसते.

थंड इंजिन सुरू करताना काही क्षण ऐकू येणारी टॅपेटची (व्हाल्व्ह ढकलणाऱ्या भागांची) टकटक, पूर्वीपेक्षा रुक्ष झालेला आवाज, गरम इंजिन मंद फिरत असताना दाबाचा दिवा लुकलुकणे ही सर्व उशिराची लक्षणे आहेत. त्यांवर उपाय करताना ऑइलची पातळी आणि मागच्या बदलाची तारीख पाहणे हे पहिले काम असले, तरी ऑइल बदलूनही ती टिकून राहिली, तर इंजिन तपासावेच लागते. सायलेन्सरमधून निघणारा निळसर धूर ऑइल जळत असल्याचे सांगतो, ते जुने झाल्याचे नाही. ज्यांना नेमके उत्तर हवे असेल, त्यांच्यासाठी ऑइलच्या नमुन्याची प्रयोगशाळेत तपासणी हा एकच खात्रीचा मार्ग आहे. तिथे दाटपणा, आम्लांना तोंड देण्याची उरलेली क्षमता आणि लोखंड, तांबे, सिलिकॉन यांसारख्या घटकांचे प्रमाण मोजले जाते. लोखंड वाढले असेल तर झीज, सिलिकॉन वाढले असेल तर बहुधा एअर फिल्टरमधून शिरलेली धूळ असा त्याचा अर्थ लावता येतो. सर्वसाधारण चालकाला याची गरज क्वचितच पडते, पण अनेक वाहने बाळगणाऱ्यांना ती तपासणी उपयोगी ठरते.

जुनी गाडी विकत घेतली आणि मागच्या ऑइल बदलाची लेखी नोंद मिळाली नाही, तर डिपस्टिकवरून अंदाज बांधत बसू नये. पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचे ऑइल आणि नवा फिल्टर घालून घ्यावा, ऑइल भरण्याच्या झाकणातून आत डोकावून काळा, डांबरासारखा गाळ साचला आहे का ते पाहावे आणि तसा गाळ दिसल्यास पुढचा बदल नेहमीच्या निम्म्या मुदतीत करावा. कोणत्याही बदलानंतर इंजिन काही मिनिटे चालवून खाली गळती होत नाही ना हे पाहावे, पुन्हा पातळी मोजावी, सूचना देणारी प्रणाली शून्यापासून सुरू करून घ्यावी, आणि तारीख, ओडोमीटरचा आकडा व ऑइलची प्रत गाडीतच ठेवलेल्या वहीत लिहून ठेवावी.